जुनी मारुती ८०० ओढत नाही: पिकअप, मिसिंग, धूर, ॲव्हरेज याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. राहायला साताऱ्यात, महिन्यातून दोन-तीनदा पुणं होतंच, आणि जाताना बोगदा असला तरी येताना खंबाटकीचा घाट चढायलाच लागतो, त्यामुळे गाडीची खरी परीक्षा घरी परतताना होते. ओळखीत कुणाची जुनी गाडी नरम पडली की मला फोन येतो. मी मेकॅनिक नाही, पण एकदा फुकटचं इंजिन खोलायच्या बेतात होतो आणि थोडक्यात वाचलो, तेव्हापासून हा नाद लागला. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं ८०० डोक्यात ठेवून लिहिलंय, पण जुनी ओम्नी, झेन, एस्टीम, अगदी पद्मिनीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. डिझेल गाड्या यात धरलेल्या नाहीत.

गाडी अजिबात ओढत नाही, मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिनचं काम काढायला लागेल. काढू का?

आधी त्यांना एवढंच विचारा की मोजलं काय? कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) किती आलं, कुठल्या सिलिंडरला किती? उत्तर "आवाजावरून कळतं ओ" असं आलं तर चावी परत घ्या आणि चहा पिऊन घरी या.

माझा किस्सा सांगतो. गाडीचा पिकअप हळूहळू नाही तर एकदम गेला होता, चौथ्या गिअरला साठच्या वर जाईना, खंबाटकीत दुसऱ्यावर चढायची आणि मागनं ट्रकवाले हॉर्न मारायचे. एका गॅरेजवाल्याने बघून, ऐकून, सायलेन्सरला हात लावून सांगितलं की रिंग-पिस्टन करायला लागेल, अठ्ठावीस हजार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. शेवटी गॅरेजमध्ये गाडी सोडायच्या आदल्या दिवशी मुलाला आत बसवून म्हटलं ॲक्सिलेटर पूर्ण दाब, आणि मी बॉनेट उघडून कार्बोरेटरकडे बघत होतो, तर थ्रॉटल (ॲक्सिलेटर दाबल्यावर उघडणारी झडप) अर्ध्याच्या जरासा पुढे जाऊन थांबत होता! कारण काय, तर दीड महिन्यापूर्वी मीच रस्त्यावरनं जाड रबरी मॅट घेऊन टाकली होती, पेडल तिच्यावर टेकायचं. मॅट काढली, केबलचा ढिलेपणा थोडा कमी केला, खर्च शून्य. इंजिन बिचारं ठणठणीत होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं असतं.

तेव्हा पहिली टेस्ट हीच करा, इंजिन बंद ठेवून, दोन माणसं लागतात, एक मिनिट जातं. केबल ताणल्या जातात, आतनं तुटत येतात, कार्पेट फुगतं, काहीही असू शकतं.

बरं, थ्रॉटल पूर्ण उघडतोय. पुढे?

पुढेही लगेच इंजिनात हात घालू नका. गाडी ओढत नाही याचा अर्थ इंजिनात ताकद नाही असाच होत नाही, ताकद आहे पण चाकापर्यंत जात नाही किंवा चाकच कुणीतरी धरून ठेवलंय असंही असतं.

ब्रेक बघा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो कमीत कमी ब्रेक मारून थांबा आणि चारी चाकांच्या रिमजवळ हात न्या (टेकवू नका, चटका बसेल). एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर किंवा मागचा ब्रेक जाम आहे. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी किती लांब घरंगळते तेही लक्षात ठेवत चला. ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, एका माणसाला सहज ढकलता आली पाहिजे. दोघांनी जोर लावूनही हलत नसेल तर दोष इंजिनाचा नाही. टायरमधली हवा कमी असली तरी फरक पडतो, पण तेवढ्याने घाटात दुसऱ्या गिअरवर यायची वेळ येत नाही.

मग क्लच. चौथ्या गिअरला ४० वर असताना एकदम ॲक्सिलेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण स्पीड वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट स्लिप होतेय. घाटात जळका वास येत असेल तर विचारायलाच नको. क्लच प्लेटचा खर्च आणि इंजिनचा खर्च यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हे आधी.

गाडी थरथरते, मिसिंग आहे. कुठला सिलिंडर मेलाय ते घरी कळेल का?

कळतं, आणि ८०० ला तर फारच सोपं. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर आणि नवीन असतानाच जेमतेम ३७-३९ हॉर्सपॉवर, त्यातला एक सिलिंडर बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. चार सिलिंडरवाल्या गाडीत एखादा सिलिंडर जरा अशक्त असला तर माणूस महिनोन्महिने चालवत राहतो, ८०० मध्ये लपत नाही.

गाडी स्लोवर ठेवा (ॲक्सिलेटर न दाबता नुसती चालू). एकेक प्लगची वायर, बंद गाडीत काढून, स्टार्ट करून बघा. म्हणजे एक नंबरची काढली, स्टार्ट केली, ऐकलं, बंद करून परत लावली, मग दोन नंबर. जी वायर काढल्यावर इंजिन आणखी बसतं किंवा बंदच पडतं तो सिलिंडर काम करत होता. जी काढली तरी काहीच फरक पडत नाही, तोच आळशी. काढलेली वायर लोंबकळत ठेवू नका, तिला जुना प्लग लावून तो इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून ठेवा, पेट्रोलच्या पाइपपासून लांब, नाहीतर करंट दुसरीकडनं वाट काढतो. चालू गाडीत हाताने वायर उपटायचा शहाणपणा करू नका, झटका जोरात बसतो, मी घेतलाय.

आळशी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर गेली तर प्लग खराब. नाही गेली तर वायर अदलाबदल करून बघा. वायर चांगली, प्लग चांगला, स्पार्क येतोय तरी तोच सिलिंडर मेलेला, मग कॉम्प्रेशन. ही अदलाबदलीची युक्ती एक रुपयाही न खर्चता अर्धं निदान करते. वायरी परत लावताना मात्र जागा चुकवू नका, ८०० ची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२ आहे, दोन वायरी उलट लागल्या की गाडी फटाके फोडते.

प्लग काढला, काळा आहे. म्हणजे काय?

काळा कसा आहे ते महत्त्वाचं. कोरडी काजळी, बोटाने पुसली जाते अशी, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर चोंदलाय, चोक पूर्ण परत जात नाहीये, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची लेव्हल वर आहे. काळा आणि ओला चकचकीत, तेलकट, म्हणजे ऑइल जळतंय. फिका तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर उत्तम. पांढराफटक असेल तर मिक्श्चर पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इंजिन तापतंय. प्लग बघायचा तर स्लोवर अर्धा तास उभी करून बघू नका, रोडवर दहा-पंधरा किलोमीटर नीट पळवा, बंद करा, मग काढा, स्लोवर ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. आणि तिन्ही प्लग नंबरवार वर्तमानपत्रावर मांडून बघा, तिघांत एक वेगळा दिसला तर तोच बोलतोय.

चोकवरनं आठवलं. ८०० च्या डॅशबोर्डखाली जो चोकचा खटका असतो त्याला आमच्या एका नातेवाइकांनी भाजीची पिशवी अडकवायची सवय लावली होती. वर्षभर ॲव्हरेज अकरा-बारा. पिशवीच्या वजनाने चोक थोडा ओढलेला राहायचा आणि मंडळी पेट्रोल पंपवाल्याला शिव्या देत होती.

पीयूसी काढताना मशीनची पावती मिळते, तिचा निदानाला उपयोग होतो का?

फार होतो आणि कुणी बघत नाही, सगळे फक्त पास-नापास बघून घडी घालतात. पेट्रोल गाडीच्या पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) असे दोन आकडे असतात. माझ्यासारख्या २००० च्या आधीच्या गाडीला सीओ ३ टक्क्यांपर्यंत आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज) गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम अशी मर्यादा आहे.

सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, एचसी म्हणजे जळलंच नाही ते. सीओ वाढलेलं असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, कार्बोरेटर, चोक, एअर फिल्टरकडे जा. सीओ ठीक पण एचसी एकदम वाढलेलं असेल तर कुठल्यातरी सिलिंडरात पेट्रोल जातंय पण पेटत नाहीये, म्हणजे स्पार्क, कॉम्प्रेशन किंवा कुठूनतरी फालतू हवा आत शिरतेय. दोन्ही वाढलेलं असेल तर आधी पेट्रोलचं जास्तपण काढा, मग बाकीचं बघा. काही पीयूसीवाले स्क्रू पिळून सीओ खाली आणून पास करून देतात आणि मग गाडी पिकअपला अडखळायला लागते, तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली असेल तर कारण शोधायला लांब जायला नको. जुन्या पावत्या फेकू नका, दर वेळचे आकडे शेजारी ठेवले की इंजिनची तब्येत कुठे चाललीय ते दिसतं.

पावसाळ्यात सकाळी स्टार्टच होत नाही आणि झाली तर फटफट करते. उन्हाळ्यात हाच प्रॉब्लेम नसतो.

ओल. प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याची) कॅप आणि कॉइल, या तिघांतला एकजण. वायरींचं वरचं रबर म्हातारं झालं की बारीक चिरा पडतात, कोरड्यात चालतं, दमट हवेत करंट चिरेतून बाहेर पळतो. रात्री अंधारात गाडी स्लोवर ठेवून बॉनेट उघडा आणि केसांना पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींवर अगदी हलकासा तुषार मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरींचा सेट बदला, सगळा एकदम, एकेक नाही. काहीच दिसलं नाही तर कॅप काढून आतून बघा, पेन्सिलने रेघ ओढल्यासारखी काळी रेष दिसते का. तीच करंटची चोरवाट. कॅप आणि रोटर जोडीने बदलायचे.

आणि उंदीर बघा. पावसाळ्यात गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायर कुरतडतात, साताऱ्यात आमच्या गल्लीत हा दर वर्षीचा कार्यक्रम आहे. एअर फिल्टरच्या डब्यातसुद्धा घरटं केलेलं बघितलंय, चिंध्या, शेंगांची टरफलं, सगळा संसार.

ॲक्सिलेटर दाबला की गाडी आधी दम खाते, मग उचलते. कार्बोरेटर बदलू का?

बदलायच्या आधी एक गोष्ट बघा. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल फिरवा. पेट्रोलची बारीक पिचकारी लगेच उडाली पाहिजे. उडत नसेल किंवा थेंब थेंब येत असेल तर ॲक्सिलेटर पंपाचा पडदा गेलाय, रिपेअर किटमध्ये मिळतो. (हे करताना आजूबाजूला बिडी-सिगरेट नको, वेगळं सांगायला नको पण सांगतो.)

पिचकारी नीट येते तरी दम खाते, तर फालतू हवा शोधा. कार्बोरेटरखालचं गास्केट, मॅनिफोल्डचे ढिले नट, तडकलेले व्हॅक्यूम पाइप. स्लोवर ठेवून त्या जोडांवर थोडं पाणी फवारा (डिस्ट्रिब्युटर सांभाळून), जिथे पाणी मारल्यावर इंजिनचा सूर बदलतो तिथे गळती. लोक यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, काम चांगलं होतं पण गरम इंजिनवर ज्वालाग्राही स्प्रे, मला ते धाडस होत नाही.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर फारच छान, स्वस्तातलं चालतं. स्लोवर काटा १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर राहायला हवा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे पुण्यात मुंबईपेक्षा दीड-दोन इंच कमी आलं तर घाबरू नका. काटा स्थिर पण खाली: स्पार्कचं टायमिंग मागे आहे किंवा हवा घुसतेय. काटा ठरावीक लयीत टक टक खाली पडतोय: एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस धरून ठेवल्यावर काटा हळूहळू घसरत जातो: सायलेन्सर चोंदलाय. एका काट्यात इतकं कळतं, आणि आपल्याकडे किती गॅरेजमध्ये हे गेज दिसतं सांगा!

गार असताना मस्त, गरम झाली की घाटात मरते. अर्धा तास उभी केली की परत सुरू. असं का?

हा सगळ्यात वैताग आणणारा प्रकार, कारण मिस्त्रीकडे नेईपर्यंत गाडी गार होते आणि त्याच्यापुढे शहाण्या मुलासारखी वागते. तीन संशयित आहेत.

एक म्हणजे पेट्रोलची वाफ. एप्रिल-मे मध्ये, चढावर, मेकॅनिकल फ्युएल पंपात किंवा पाइपात पेट्रोल उकळतं, पंप वाफ ओढत बसतो. गाडी बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाका, पाच-दहा मिनिटांत सुरू झाली तर हेच. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळनं जात असेल तर लांब घ्या.

दुसरी कॉइल. तापली की आतनं सोडते. हे पकडायला गाडी बंद पडल्या पडल्या स्पार्क तपासायचा, गार झाल्यावर नाही. म्हणून मी डिकीत एक जुना प्लग ठेवतो. त्या क्षणी स्पार्क नसेल तर कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्युल, स्पार्क असेल तर पेट्रोल. एवढी एक गोष्ट घाटात, मरायच्या क्षणी बघितली तर पुढचे चार हजार वाचतात.

तिसरा गमतीचा: पेट्रोलच्या टाकीचं झाकण. टाकीत हवा जायची वाट बंद झाली की पेट्रोल संपत जाईल तशी आत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी मेली की झाकण उघडा, जोरात "फुस्स" झालं आणि गाडी लगेच सुरू झाली तर दोषी सापडला.

पॉइंट आणि टायमिंगचं काय? मिस्त्री दर सर्व्हिसला "टायमिंग सेट केलं" म्हणतो.

जुन्या ८०० ला सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमध्ये करंट जोडणारे-तोडणारे) होते, नंतर इलेक्ट्रॉनिक आलं. तुमच्यात पॉइंट असतील तर गॅप ०.४ ते ०.५ मिमी, फीलर गेजने मोजून, ब्लेडच्या पात्याने अंदाजे नाही. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरही बदला, नाहीतर नवीन पॉइंटही तसेच जातील. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग, उलटं करणारे महाभाग आहेत.

टायमिंग मागे असलं की गाडी सुस्त आणि गरम, पुढे असलं की चढावर ॲक्सिलेटर दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. तो आवाज अंगावर काढू नका, पिस्टनला मार बसतो. आणि डिस्ट्रिब्युटरला एक व्हॅक्यूमची डबी असते, तिचा पाइप काढून तोंडाने ओढून बघा, ओढ धरून राहिली पाहिजे. नुसती हवा येत राहिली तर आतला पडदा फाटलाय, मग टायमिंग स्लोवर कितीही परफेक्ट लावा, रोडवर ॲव्हरेज मिळणार नाही.

ई२० पेट्रोलमुळे झालं असेल का?

थोडं हो, पण सगळं पाप त्याच्या डोक्यावर घालू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, २० टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के ॲव्हरेज जाणार, नीती आयोगाच्या रोडमॅपमध्येही जुन्या चारचाकींसाठी असाच आकडा होता. म्हणजे १६ ची गाडी १५ देईल. १६ ची ११ झाली असेल तर कारण दुसरं आहे.

खरा त्रास दोन ठिकाणी. कार्बोरेटरला डोकं नसतं, इथेनॉल आल्यावर मिक्श्चर पातळ होतं आणि तो ते भरून काढू शकत नाही, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर आणि कॉम्प्युटरवाली गाडी) बऱ्यापैकी सांभाळून घेते. आणि जुनं रबर: पाइप, पंपाचा पडदा, ओ-रिंग मऊ पडतात, फुगतात, तडकतात. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदा बदलून टाका, हे मी विनंती म्हणून नाही तर धाक म्हणून सांगतोय, कारण गळणारं पेट्रोल आणि गरम मॅनिफोल्ड एकाच ठिकाणी असतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकीत खाली पाणी साठतं.

भेसळीचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो आपला हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब टाकायचा, दोन मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक.

कॉम्प्रेशन टेस्ट कशी करून घ्यायची?

समोर उभं राहून. इंजिन गरम, बॅटरी चार्ज, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर काढलेली आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, मग चार-पाच सेकंद स्टार्टर. ॲक्सिलेटर दाबायचं मुद्दाम विसरलं की आकडा कमी येतो आणि गिऱ्हाईक घाबरतं. तब्येत चांगली असेल तर १६०-१७० पीएसआयच्या आसपास, वय झालेल्या इंजिनला १३०-१४० आलं तरी गाडी चालते. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक बघा, १५ च्या वर फरक असेल तर कमी आकडेवाल्याचं काहीतरी दुखतंय.

मग त्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंगा-बोअर, कारण ऑइलने फट बुजली. हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांना सारखाच कमी असेल तर हेड गास्केट. व्हॉल्व्ह किंवा गास्केट म्हणजे फक्त हेड उतरवायचं काम, पूर्ण इंजिन नाही, बिलात निम्म्याहून जास्त फरक पडतो.

हेड उतरवायच्याही आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) तपासा. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं. वाजणारा टॅपेट सगळ्यांना खटकतो आणि लोक घट्ट करून घेतात, पण वाजणारा एवढा घातक नाही, मुका टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

धूर येतो. कुठल्या रंगाचा कशाचा?

काळा म्हणजे पेट्रोल जास्त, वर सांगितलंय. निळसर म्हणजे ऑइल: उतारावर ॲक्सिलेटर सोडून परत दाबल्यावर एकदम भपका येत असेल तर व्हॉल्व्ह सील, ते स्वस्तातलं काम. कायमच येत असेल आणि ऑइल टाकायच्या झाकणातून फुसफुस वारा येत असेल तर रिंगा. पांढरा धूर डिसेंबरच्या सकाळी दोन मिनिटं आला तर ती नुसती वाफ. गरम झाल्यावरही येतोय, गोडसर वास आहे, रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर गाडी चालवू नका.

टायमिंग बेल्ट बदलून आणल्यापासून गाडी सुस्त झाली, मिस्त्री म्हणतो सेट होईल.

बेल्ट काही चपला नाहीत सेट व्हायला. एक दात पुढे-मागे बसलाय. स्टार्ट होते, स्लोवरही चालते, पण सगळीकडेच अशक्त. मार्किंग जुळवून परत बसवायला सांगा, आणि याचे पैसे देऊ नका. असंच सगळ्या कामांचं आहे, गाडी बिघडायच्या आधी शेवटचा हात कुणी आणि कशाला लावला होता ते आठवा, निम्म्या केसेस तिथेच सुटतात.

माझी एमपीएफआय आहे. मोबाइलला जोडायचं स्वस्त स्कॅनर चालेल का?

२००० च्या सुमाराच्या एमपीएफआय गाड्यांना बहुतेक नाही. आपल्याकडे ओबीडी (गाडीतलीच बिघाड ओळखणारी यंत्रणा) सक्तीचं झालं २०१० नंतर, त्याच्या आधीच्या गाड्यांना ज्याच्याकडे जुनं स्कॅनर आहे असा मिस्त्री शोधावा लागतो. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागून स्टार्ट झाल्यावर विझतो का ते बघा. चावीला लागतच नसेल तर गाडी विकणाऱ्याने बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. दिवा नसेल तर साध्या गोष्टी: थ्रॉटल बॉडी साफ, फ्युएल फिल्टर, पंपाचं प्रेशर, अर्थिंगच्या वायरी. सेन्सर एकामागून एक बदलत बसणं म्हणजे लॉटरी.

आणि थर्मोस्टॅट! "आपल्याकडे गरमी, गरज नाही" म्हणून कित्येकांनी काढून फेकलेला असतो. मग इंजिन तापतच नाही, सेन्सर सांगतो अजून गार आहे आणि गाडी कायम जास्त पेट्रोल पीत राहते.

सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक?

आधी स्पार्क. गॅस पेटवायला जोर जास्त लागतो, अशक्त वायर-प्लग सीएनजीवर आधी उघडे पडतात.

महाबळेश्वरला गेल्यावरच मरगळते.

साडेचार हजार फुटांवर हवाच विरळ, दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद जाते. तिथे स्क्रू पिळून घेऊ नका, खाली आल्यावर परत पिळावा लागेल.

सगळं तपासलं, कॉम्प्रेशन खरंच गेलंय, इंजिनचं काम काढायचंच आहे. काय सांभाळू?

बोअर मोजून किती झिजलाय तो आकडा लिहून घ्या, मगच बोअरिंग करायचं की नुसत्या रिंगा ते ठरतं. हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकाच वेळी करा, परत परत मजुरी लागत नाही. क्लच प्लेट तेव्हाच बघून घ्या. जुने पार्ट पोत्यात भरून परत मागा, सगळे, आणि घरी नेऊन एकदा ताडून बघा की ते तुमच्याच गाडीचे वाटतात का. पहिले हजार किलोमीटर ताणायची नाही, पण एकाच स्पीडला रांगवायचीही नाही, आणि हजारला ऑइल-फिल्टर बदलायचं, काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरून बघा, थोडी चमक असते, पण बोटाला खरखर लागली तर त्याच दिवशी गाडी परत घेऊन जा.